गावाने न पाहिलेली लढाई

‘मॅकेब अँड मिसेस मिलर’च्या अखेरीस नायक तीन भाडोत्री मारेकऱ्यांना एकटा पुरून उरतो, आणि गावात एकालाही त्याचा पत्ता लागत नाही. गाव त्या वेळी आग विझवण्यात गुंतलेले असते. वेस्टर्न चित्रपटांची पारायणे केलेल्या माणसाला यातला खट्याळपणा लगेच कळेल. जी झुंज भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, खिडक्यांच्या फटींतून साऱ्या वस्तीचे डोळे लागलेले असताना व्हायची, ती इथे गुडघाभर बर्फात, कोठारांच्या आडोशाने, लपतछपत होते. पाठीत गोळी घालणे हे ज्या चित्रप्रकारात खलनायकाचे लक्षण मानले गेले, तिथे हा नायक बेधडक पाठीत गोळी घालतो. त्याला जगायचे आहे, शौर्यपदक नको आहे. तरी तो जगत नाही.

रॉबर्ट ऑल्टमन यांनी हा चित्रपट १९७१ साली केला. पुढच्या पानांत तो प्रसंगागणिक उलगडून दाखवला आहे, त्यामुळे कथा सविस्तर सांगण्याचे काम माझ्यावर नाही. हा चित्रपट असा धूसर का दिसतो, यातली माणसे तोंडातल्या तोंडात का बोलतात आणि ज्याला आपण दिग्दर्शकाची शैली म्हणतो ती इथे कथेपासून वेगळी का काढता येत नाही, एवढेच आधी सांगून ठेवायचे आहे. शेवट सांगून टाकल्याबद्दल कुणी रागावू नये. या चित्रपटात पुढे काय होणार हे दिग्दर्शकाने कधी लपवलेलेच नाही.

आपल्याकडे वेस्टर्न म्हटले की एका पिढीला ‘मॅकेनाज गोल्ड’ आठवतो. खुद्द अमेरिकेत बेताचाच चाललेला तो चित्रपट आपल्या थिएटरांनी डोक्यावर घेतला. त्यानंतर १९७५ मध्ये ‘शोले’ आला आणि कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत आपल्याला आपले स्वतःचे ‘वेस्ट’ मिळाले. ठाकूरच्या कुटुंबाचा संहार ज्या रीतीने दाखवला आहे, तिथे सर्जिओ लिओने यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सावली स्पष्ट आहे. या परंपरेत माणसाची कीर्ती त्याच्या आधी गावात पोचते आणि मग तो माणूस त्या कीर्तीला साजेसा निघतो. गब्बरचे नाव आधी ऐकू येते, गब्बर नंतर दिसतो, आणि नावात काही खोट नव्हती हे सिद्ध होते. ऑल्टमन यांनी नेमकी हीच कडी सैल केली.

जॉन मॅकेब वॉशिंग्टन राज्यातल्या प्रेस्बिटेरियन चर्च नावाच्या खाणवस्तीत येतो. साल १९०२. जस्ताची खाण, पाऊस, चिखल, अर्धवट उभ्या केलेल्या लाकडी खोल्या. अंगात केसाळ कातड्याचा अवजड कोट, डोक्यावर गोल हॅट, तोंडात सोन्याचा दात. तो शीहनच्या गुत्त्यात शिरतो, टेबलावर लाल कापड अंथरतो आणि पत्त्यांचा डाव मांडतो. तेवढ्यात शीहनच्या मनात काहीतरी चमकते. हाच तो ‘पजी’ मॅकेब, याने बिल राउंडट्री नावाच्या माणसाला गोळी घातली होती म्हणे. म्हणे! मॅकेब हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. गावाला एक बंदूकबाज हवा असतो, तो गावाने स्वतःच तयार केला. पुढे खरोखरीचा मारेकरी त्याला एकदा नीट न्याहाळतो आणि सांगून टाकतो की या माणसाने आयुष्यात कुणाला मारलेले नाही. म्हणजे सुरुवातीला गावाने न घडलेल्या पराक्रमावर विश्वास ठेवला आणि शेवटी घडलेला पराक्रम गावाने पाहिलाच नाही. माझ्या मते सगळा चित्रपट या दोन टोकांमध्ये ताणून बसवला आहे. ऐकीव गोष्टीतून माणूस मोठा होतो, आणि जे खरे घडते ते ऐकायला कुणाला सवड नसते.

ही गोष्ट ऑल्टमन यांची नव्हे. एडमंड नॉटन यांची ‘मॅकेब’ ही कादंबरी १९५९ साली आली होती. तिच्यावरून ब्रायन मके आणि ऑल्टमन यांनी पटकथा केली. कादंबरीत ठरीव साच्याची सगळी पात्रे होती: जुगारी, धंद्यातली पण चांगल्या मनाची बाई, आणि एक धिप्पाड, एक अर्धा आदिवासी, एक पोरसवदा असे तीन मारेकरी. दुसरा एखादा दिग्दर्शक यामुळेच तिच्याकडे फिरकला नसता. ऑल्टमन यांना तेच सोयीचे वाटले आणि त्यांनी मुलाखतींत ते बोलूनही दाखवले. गोष्ट प्रेक्षकाला तोंडपाठ आहे, तेव्हा ती सांगण्यात वेळ घालवायचे कारण नाही. कॅमेरा निवांत इकडेतिकडे वळवता येईल. नायक बोलत असताना मागच्या टेबलावर काय चालले आहे, कोण कुणाचा ग्लास भरतो आहे, हे दाखवता येईल. गुत्त्यात एक जण दाढी काढून नुसती मिशी ठेवावी का याचा गंभीरपणे खल करतो आहे. कथेला याचा काडीचा उपयोग नाही. पण चित्रपट संपल्यावर ती मिशी आठवते.

ऑल्टमन यांचा जन्म १९२५चा, मिसूरीतल्या कॅन्सस सिटीचा. दुसऱ्या महायुद्धात ते बी-२४ बॉम्बफेकी विमानांवर सहवैमानिक होते. परत आल्यावर त्यांनी गावातल्याच कॅल्व्हिन कंपनीत उद्योगांसाठी माहितीपट काढले. कॅमेरा, ध्वनी, संकलन, सगळी कामे स्वतः करायची, थोड्या पैशांत आणि ठरल्या दिवसांत. पुढे दूरचित्रवाणी मालिकांचे भाग केले. त्यात ‘बोनान्झा’ हा वेस्टर्नही होता. म्हणजे वेस्टर्न मोडायला निघालेला हा माणूस आधी रीतसर वेस्टर्न करून बसलेला होता. ‘काउंटडाउन’ या चित्रपटाच्या वेळी दोन पात्रे एकाच वेळी बोलताना पाहून वॉर्नर ब्रदर्सचे प्रमुख जॅक वॉर्नर भडकले आणि त्यांनी ऑल्टमन यांना स्टुडिओबाहेर काढले. मग १९७० मध्ये ‘मॅश’ आला. त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि गल्लाही भरला. पंचेचाळिशीत आलेल्या या यशानंतर त्याच वॉर्नर ब्रदर्ससाठी ऑल्टमन यांनी ‘मॅकेब’ केला, आणि दोन पात्रांऐवजी दहा पात्रे एकदम बोलायला लावली.

लोकांनी या चित्रपटाला सर्वांत जास्त नावे ठेवली ती ध्वनीसाठी. खुद्द नायक वॉरन बेटी यांची तक्रार होती की पहिल्या काही मिनिटांतले बोलणे कुणाला कळणारच नाही. न्यूयॉर्कमध्ये समीक्षकांना दाखवलेली प्रत घाईने काढलेली होती, तिचा आवाज आणखीच वाईट होता. पण चांगल्या प्रतीतही पहिली दहा मिनिटे प्रेक्षक चाचपडतो, आणि त्याने चाचपडावे हीच दिग्दर्शकाची इच्छा आहे. लग्नाच्या पंगतीत अनोळखी घोळक्यात जागा मिळावी, डावीकडे कुणाच्या बदलीची गोष्ट, उजवीकडे जमिनीचा वाद, आणि मधूनच एखादे नाव कानावर पडून आपण टवकारावे, तसे हे ऐकणे आहे. आपण कान देऊन निवड करतो. जे निसटते ते निसटते.

रूढ चित्रपटात ध्वनिमुद्रक प्रेक्षकाच्या वतीने आधीच ठरवून टाकतो की कुठले वाक्य महत्त्वाचे. ते वाक्य स्वच्छ ऐकू येते, बाकीचे कुजबुज म्हणून मागे ढकलले जाते. ऑल्टमन यांनी ही सोय काढून घेतली. त्यामुळे मॅकेबबद्दलची वदंता जशी गावकऱ्यांच्या कानी जाते तशीच, तुकड्यातुकड्यांनी, आपल्याही कानी येते. आपण गावाहून अधिक शहाणे ठरत नाही. ‘मॅश’मध्ये हीच पद्धत विनोदासाठी वापरली होती, तिथे ती गंमत आहे, इथे ती कथेचा कणा आहे. पुढे ‘कॅलिफोर्निया स्प्लिट’ (१९७४) आणि ‘नॅशव्हिल’मध्ये (१९७५) आठ स्वतंत्र ध्वनिपट्टे घेण्याची यंत्रणा हाती आली तेव्हा ऑल्टमन यांचा कान अधिक तरबेज झाला, ‘नॅशव्हिल’मधली चोवीस माणसे तिच्याशिवाय सांभाळता आली नसती. ‘मॅकेब’च्या वेळी ती सोय नव्हती. तिथली गिचमिड काही प्रमाणात तांत्रिक अडचण होती हे मान्य करायला हरकत नाही. चित्रपटाला ती मानवली.

आता डोळ्यांविषयी. छायालेखक विल्मोश झिग्मंड हंगेरीचे. १९५६चा उठाव चिरडला गेल्यावर मित्र लास्लो कोव्हाच यांच्याबरोबर ते देश सोडून अमेरिकेत आले होते. ऑल्टमन यांना जुन्या, विटलेल्या छायाचित्रांसारखे चित्र हवे होते. झिग्मंड यांनी उपाय काढला तो धाडसी होता: कच्च्या निगेटिव्हला प्रक्रियेआधी अंधूकसा प्रकाश दाखवायचा. त्याने काळा रंग काळाकुट्ट राहत नाही, करडा होतो. गडद-उजळ यांतले अंतर कमी होते, रंगांचा भडकपणा उतरतो. त्यावर भिंगापुढे धुक्याचा परिणाम देणाऱ्या काचा. प्रत छापताना नंतर रंग फिके करता आले असते, तो सुरक्षित मार्ग होता. पण मग स्टुडिओने कधीतरी रंग पुन्हा चढवले असते. निगेटिव्हच धूसर झाल्यावर कुणाच्या हाती काही उरले नाही. धंद्याच्या भाषेत हा वेडेपणा, कारण चुकले तर परत चित्रण करण्याखेरीज इलाज नाही.

मिळाले ते असे: बाहेरचा भाग निळसर, ओला, थंड, आतला भाग तेलाच्या दिव्यांच्या पिवळ्या-तांबूस उजेडाचा. पात्र दार उघडून आत येते तेव्हा ऊब डोळ्यांना जाणवते. सगळ्या चित्रपटात माणसे दाराशी, जिन्यावर, पडवीत घुटमळताना दिसतात, कारण इथे आत असणे म्हणजे जिवंत असणे. जॉन फोर्ड यांच्या मॉन्युमेंट व्हॅलीत क्षितिज दूरवर सरळ आखलेले असते आणि माणूस त्यावर ठळक उभा राहतो. इथे क्षितिज नाहीच. डोंगर, देवदारांची झाडी, पाऊस आणि नंतर बर्फ. चौकट लांब-रुंद आहे, पण ती मोकळी नाही. काठापर्यंत माणसे, खांब, दोऱ्या, वाफ यांनी भरलेली आहे. त्या गर्दीतून झूम हलकेच एखाद्या चेहऱ्याकडे सरकतो आणि कधी वाटेतच विचार बदलून दुसरीकडे जातो. झूमला त्या काळात दूरचित्रवाणीची स्वस्त युक्ती समजत. ऑल्टमन यांच्या हातात तो लक्ष देण्याची कृती होतो: खोलीत आपण कुणाकडे पाहायचे हे अजून ठरलेले नाही आणि ते आपल्यासमोर ठरते आहे.

गावही दिग्दर्शकाबरोबरच घडत गेले. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ डोंगरउतारावर कलादिग्दर्शक लिऑन एरिक्सन यांनी वस्ती बांधायला घेतली, आणि चित्रण बहुतांशी कथेच्या क्रमाने झाले. म्हणजे मॅकेब येतो तेव्हा जी पाखी अर्धी आहे ती पुढच्या प्रसंगांत पुरी झालेली दिसते, कारण ती खरोखरच दरम्यान पुरी झाली. सुतारांना त्या काळचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोरच काम करू दिले. त्यांतले काही जण व्हिएतनामच्या युद्धाची सक्तीची भरती चुकवून सीमा ओलांडून आलेले अमेरिकन तरुण होते. नटांनाही कपड्यांच्या ढिगाऱ्यातून आपापले कपडे निवडायला सांगितले, आणि भोके असतील तर ती आपली आपण रफू करायला. हे तपशील पडद्यावर कुणी मोजत नाही. पण कोट अंगावर कसा बसतो, कुऱ्हाड कशी धरतात, यात खोटेपणा नसला की प्रेक्षक नकळत विश्वास टाकतो.

मिसेस मिलर येते ती वाफेच्या इंजिनावर बसून, धुराचा लोट सोडत. शीहनच्या खानावळीत ती अंडी, रस्सा आणि कडक चहा मागवते आणि हावऱ्यासारखी जेवते. मॅकेब बघत राहतो. त्या एका जेवणात ज्यूली ख्रिस्ती यांनी पात्र उभे केले आहे. ही बाई भुकेली आहे, तिला लाज नाही आणि हिशेब पक्का आहे. तोवर मॅकेबने बेअरपॉ या गावातून तीन बायका विकत आणून तंबूंत धंदा मांडलेला असतो, आणि त्यांचे काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. ती त्याला सरळ सुनावते: बायकांची पाळी, रोग, गरोदरपण, दोघींची भांडणे, यातले तुला काय कळते? भागीदारी कर, खर्च तुझा, व्यवस्था माझी. आणि आधी न्हाणीघर बांध. गिऱ्हाईक अंघोळ केल्याशिवाय आत येणार नाही. वेस्टर्नमध्ये बाई एक तर शाळामास्तरीण असते किंवा सोनेरी मनाची कलावंतीण. इथे ती गावातली एकमेव व्यवस्थापक आहे. वस्तीला जी काही सभ्यता येते ती चर्चमुळे नाही, शेरीफमुळे नाही (शेरीफ नाहीच), तिच्या न्हाणीघरामुळे येते.

मॅकेब तिच्यावर जीव टाकतो. तरी तिच्या खोलीत जायचे तर पैसे मोजून जातो. हा व्यवहार चित्रपट कधी हसण्यावारी नेत नाही, कधी रडकाही करत नाही. एकटा असताना तो स्वतःशी पुटपुटतो, आपल्या आतही कविता आहे म्हणतो, पण तिच्यासमोर ते एक वाक्य त्याला बोलता येत नाही. ती दार लावून अफू ओढते. दोघांचे प्रेम आहे का? आहे, पण ते कधी एकाच वेळी एकाच खोलीत नसते. याच सुमारास आयडा कॉइलचा प्रसंग येतो. पत्राने लग्न ठरवून आलेली ही पोरगी, नवरा भांडणात मारला गेल्यावर मिसेस मिलरकडे येते. शेली डुव्हाल यांचे ते भेदरलेले मोठे डोळे, आणि मिसेस मिलर तिला समजावते ते असे: नवऱ्याकडेही तू अन्न आणि निवारा मिळावा म्हणूनच झोपत होतीस, इथे निदान चार पैसे तुझ्या गाठीला राहतील. १९७१ साली एका पुरुष दिग्दर्शकाने हे वाक्य एवढ्या सहजपणे, एकीला दुसरीची वेणीफणी करू देण्याच्या सुरात घ्यावे, याचे मला अजून अप्रूप वाटते.

मग कंपनी येते. हॅरिसन शॉनेसी या खाणकंपनीचे दोन सभ्य गृहस्थ मॅकेबला त्याच्या मालमत्तेचे साडेपाच हजार डॉलर देऊ करतात, मग सव्वासहा हजार. तो गुर्मीत चौदा-पंधरा हजार सांगतो. त्याला वाटते घासाघीस चालली आहे. ते दोघे कंटाळून निघून जातात आणि त्यांच्या जागी बटलर येतो. ह्यू मिले यांनी केलेला हा धिप्पाड, शांत, सुसंस्कृत उच्चारांचा मारेकरी. मॅकेब धावतपळत त्याच्याकडे जाऊन किंमत उतरवू लागतो, आणि बटलर सांगतो की मी सौदे करत नाही, मी अस्वलाच्या शिकारीला आलो आहे. घाबरलेला मॅकेब बेअरपॉला वकिलाकडे जातो. वकील महाशयांना सिनेटर व्हायचे आहे. ते मक्तेदारी मोडण्यावर, छोट्या माणसाच्या हक्कावर छातीठोक भाषण करतात आणि मॅकेबला हुरूप येतो. १९०२ हेच वर्ष, ज्या वर्षी थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने नॉर्दर्न सिक्युरिटीज या बलाढ्य रेल्वे-संघटनेवर खटला भरला. म्हणजे वकिलाची भाषा त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांची आहे. ती खोटी नाही. पण ती वॉशिंग्टन डी. सी.तून वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरात पोचेपर्यंत मॅकेब मेलेला असणार. वेस्टर्नमध्ये पूर्वी दुष्ट जमीनदार असे, त्याला गोळी घालता येई. इथे कंपनीला चेहराच नाही. गोळी घालावी कुणाला?

पुलावरचा खून हा माझ्या मते सगळ्या वेस्टर्न चित्रपटांतल्या सर्वांत भयंकर खुनांपैकी एक. कीथ कॅरॅडीन यांनी केलेला हसरा काउबॉय, कुंटणखान्यात आनंदात चार दिवस काढून निघालेला, पायमोजे विकत घ्यायला झुलत्या पुलावरून येतो. पलीकडे मारेकऱ्यांपैकी पोरगा उभा. तो गप्पांतून त्याला बंदूक दाखवायला लावतो आणि उडवतो. काउबॉय बर्फाळ पाण्यात पडतो. सूडाची बाब नाही, पैशांचीही नाही. त्या पोराला नुसते करून पाहायचे होते. ऑल्टमन हे कुठल्याही संगीताशिवाय, जरा लांबून, प्रसंग रेंगाळू देऊन दाखवतात. ज्यांना सॅम पेकिनपा यांचे ‘द वाइल्ड बंच’मधले रक्ताचे मंद गतीतले कारंजे आवडतात त्यांनी हा प्रसंग शेजारी ठेवून पाहावा.

वस्तीचे नाव ज्याच्यावरून पडले ते चर्च सगळ्या चित्रपटभर उभे आहे आणि तिथे कुणी जात नाही. फोर्ड यांच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) अर्धवट बांधलेल्या चर्चच्या लाकडी फरशीवर सगळे गाव नाचते, अमेरिकेने स्वतःविषयी पाहिलेले ते एक सुंदर स्वप्न आहे. फ्रेड झिनेमन यांच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) मार्शल चर्चमध्ये मदत मागायला जातो आणि जमलेले सज्जन चर्चा करून त्याला रिकाम्या हाताने पाठवतात. ऑल्टमन यांनी दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या असणार. त्यांचा नायक आसऱ्याला चर्चमध्ये शिरतो तर पाद्री त्याचीच बंदूक त्याच्यावर रोखून बाहेर घालवतो. लगेच बटलरची गोळी चुकून पाद्र्यालाच लागते, कंदील पडतो, आग लागते. आणि ज्या चर्चकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते ते वाचवायला सारे गाव बादल्या घेऊन धावते. आग विझते तेव्हा लोक आनंदाने ओरडतात. दुसरीकडे, काही अंतरावर, ज्या माणसाने त्यांना गुत्ता, न्हाणीघर आणि थोडी मौज दिली तो बर्फात बसलेला आहे. ‘हाय नून’चे गाव भित्रे होते. इथले गाव भित्रे नाही, कामात आहे. हा फरक मला जास्त क्रूर वाटतो.

तो बर्फ खरा होता. बेटी यांना सुरुवात करायची नव्हती, उद्या बर्फ वितळले तर दृश्ये जुळणार नाहीत म्हणून. ऑल्टमन यांनी रेटून चित्रण सुरू केले आणि बर्फ पडत राहिला. एरवीही दोघांचे जमत नसे. बेटी यांना एकेक प्रसंग पुनःपुन्हा करून घासायला आवडे, ऑल्टमन यांना पहिल्या-दुसऱ्या वेळचा कच्चेपणा हवा असे. त्या ओढाताणीचा मॅकेबला फायदाच झाला. आपल्याला नक्की काय हवे आहे याची खात्री नसलेला नट आणि तशीच खात्री नसलेला माणूस पडद्यावर एक झाले.

लेनर्ड कोहेन यांची तीन गाणी आहेत, तिन्ही त्यांच्या १९६७च्या पहिल्या संग्रहातली, म्हणजे चित्रपटासाठी लिहिलेली नव्हेत. कोहेन यांना ऑल्टमन यांचा ‘ब्रूस्टर मॅक्क्लाउड’ आवडला होता, त्यांनी गाणी वापरू दिली. पुष्कळ जण या गाण्यांवर जीव टाकतात. मला ती दोनतीन ठिकाणी गरजेपेक्षा जास्त स्पष्ट वाटतात. ज्या चित्रपटात सगळे पुटपुटतात तिथे एकच आवाज एवढा नीट ऐकू यावा हे थोडे खटकते. मात्र सुरुवातीला मॅकेब पावसातून घोड्यावर येतो तिथे त्या गाण्याला पर्याय नाही.

दुसरी उणीव गंभीर आहे. वस्तीत चिनी मजुरांची वेगळी आळी आहे, आणि चित्रपट तिच्यात अफूचा धूर याखेरीज फारसे काही पाहत नाही. बटलर सांगतो की चिनी मजुराच्या हाती सुरुंगाची दारू देऊन बोगदा खणवला तर किती स्वस्त पडते, तो मेला तर दंड अवघा पन्नास डॉलर. त्या संवादात १९०२च्या अमेरिकेचे एक भयानक सत्य आहे आणि ते ऑल्टमन यांना कळलेले आहे. तरी ज्या दिग्दर्शकाने एका अनाम गिऱ्हाइकाच्या मिशीला वेळ दिला, त्याने या आळीतल्या एकाही माणसाला नाव दिले नाही. पुढच्या एका प्रकरणात लेखकाने याचा समाचार घेतला आहे, तो मला पटतो.

प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटाला मोठे यश मिळाले नाही. ‘न्यूयॉर्कर’मधून पॉलिन केल यांनी तो उचलून धरला, बाकीच्यांना तो ऐकू आला नाही. ऑस्करसाठी एकट्या ज्यूली ख्रिस्ती यांना नामांकन मिळाले. झिग्मंड यांना नाही, एरिक्सन यांना नाही. पुढची पस्तीस वर्षे ऑल्टमन चित्रपट करत राहिले; ‘द लाँग गुडबाय’, ‘नॅशव्हिल’, ‘पॉपाय’चा फटका, ‘द प्लेअर’ने मिळालेले दुसरे आयुष्य, ‘गॉसफर्ड पार्क’. २००६ मध्ये मानद ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. २०१०मध्ये ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. आज त्याची स्वच्छ केलेली, नीट आवाजाची प्रत सहज मिळते.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक मिटून आधी चित्रपट पाहा, शक्यतो अंधाऱ्या खोलीत आणि चांगल्या हेडफोनवर. आणि उपशीर्षके बंद ठेवा. इंग्रजी सफाईने कळत नसेल तरी बंद ठेवा. उपशीर्षके दहा जणांच्या गलक्यातून एकाचे वाक्य उचलून खाली लिहितात, म्हणजे दिग्दर्शकाने जी निवड तुमच्यावर सोपवली होती ती परस्पर करून टाकतात. पहिल्या खेपेला निम्मे कळेल. दुसऱ्या खेपेला उपशीर्षके लावा, पुस्तक मांडीवर घ्या आणि राहिलेले शोधा; पहिल्या प्रकरणाची सुरुवात शीहनच्या गुत्त्यातल्या त्या लाल कापडापासून आहे.